या चुका टाळा: जुन्या गाडीसाठी स्वस्तातली डॉली बनवताना

जुनी पद्मिनी किंवा मारुती 800 उघडून बसलेल्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येतेच. इंजिन उतरवलं, सस्पेन्शन सुटलं, चाकं काढली; आता उरलेला सांगाडा हलवायचा कसा? ठाण्यात स्वतःची शेड असणारे मोजकेच. कुणी वागळे इस्टेटमध्ये अर्धा गाळा भाड्याने घेतो, कुणी सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांचे टोमणे ऐकत काम करतो आणि पाण्याचा टँकर आला की वाट मोकळी करून देतो. मग चौकोनी लोखंडी बॉक्स पाईप येतो, वेल्डर येतो, डॉली, म्हणजे सांगाडा ठेवून ढकलायची चाकांची चौकट, उभी राहते. आणि गाडी चढवल्यावर ती जागची हलत नाही.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. डॉली गाडीचं माप घेऊन बनवलेली असते, पण ती ज्या जमिनीवर फिरणार ती जमीन कुणी पाहिलेलीच नसते.

चाकांत केलेली काटकसर

हार्डवेअरच्या दुकानात तीन इंची नायलॉनचे कॅस्टर, म्हणजे प्लेटसकट येणारी लहान चाकं, स्वस्त मिळतात. कपाटाखाली ते उत्तम चालतात. पण स्टिल्टमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटी, गटारावरची लोखंडी जाळी, रॅम्पच्या तोंडाशी असलेला दोन बोटांचा उंचवटा, यातलं काहीही लहान चाकाला अडवायला पुरतं. चाक फटीत बसतं, मागून चौघं जोर लावतात, डॉली अडते आणि वरचा सांगाडा पुढे सरकतो. हे एकदा पाहिलं की कॅस्टरच्या पैशांवर कुणी घासाघीस करत नाही.

गाळ्यात गुळगुळीत कोबा असेल तर पाच इंची चालतील. पेव्हर असतील तर सहा इंचांच्या खाली येऊ नका, आठ इंची परवडले तर उत्तम. कडक नायलॉन कोब्यावर हलकं पळतं, पण खड्यावर अडतं आणि आवाजाने अख्खी इमारत गोळा करतं. पॉलीयुरेथेनचा थर असलेलं चाक दोन्हीकडे बरं.

वजनाचं गणितही इथेच चुकतं. पूर्ण जोडलेली पद्मिनी, माणसं न धरता, साधारण 900 किलोची. डॉलीचे 60 धरले तर 960. लोक याला चाराने भागतात, 240 किलो काढतात आणि 250 ची चाकं उचलतात. पण ओबडधोबड जमिनीवर चौथं चाक बऱ्याचदा अधांतरी असतं, म्हणून भागायचं तिनाने: 320. कॅस्टर 350 किलोंच्या पुढचेच घ्या. रिकामा सांगाडा याच्या निम्म्याहूनही हलका असतो हे खरं, पण पुढे इंजिन बसवल्यावर हीच डॉली वापरायचा मोह होणार. दुकानदाराला एक प्रश्न आवर्जून विचारा: हा आकडा एका चाकाचा की चारांच्या सेटचा?

चारही चाकं फिरती असली की खांबांच्या मधल्या जागेत गाडी आडवी सरकवता येते. मात्र लांब ढकलताना ती भरकटते. दोन फिरत्या चाकांना दिशा लॉक करायची सोय असेल तर दोन्ही कामं होतात. आणि कॅस्टर वेल्ड करू नका. उष्णतेने ग्रीस जळतं, बेअरिंग जातं, आणि चाक बदलायची वेळ आली की ग्राइंडर हातात घ्यावा लागतो. प्लेटला भोकं पाडून नायलॉक (आपोआप सैल न होणाऱ्या) नटांनी कसा.

चौकट वाकडी होणे

पाईप 50 बाय 50, जाडी 3 मिमी, पुरे. सहा मीटरच्या दोन लांबींत काम होतं आणि वजन साधारण 52 किलो भरतं. एवढ्यासाठी कळंबोलीचा लोखंड बाजार गाठू नका, टेम्पोभाड्यातच बचत संपेल. जवळच्या दुकानातून घ्या आणि तिथेच तुकडे कापून आणा. भंगारातला जीआय (जस्त चढवलेला) पाईप स्वस्त दिसतो, पण त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घेतलाच तर सांध्यापाशी थर घासून काढा आणि काम उघड्यावर करा.

चौकटीचं बाहेरचं माप 2400 बाय 1000 ठेवलं तर एक सोय होते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण बरोबर 2600 मिमी यायला हवा. दोन्ही कर्ण टेपने मोजा, गुण्यावर विसंबू नका. आधी सगळे सांधे नुसते टॅक करा, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके देऊन जोडा, मोजा, मग पूर्ण वेल्ड मारा, तोही एकाच कोपऱ्यात सलग नाही. एक कोपरा झाला की तिरक्या समोरच्याकडे जा. वेल्ड गार होताना आखडतो आणि पाईप आपल्याकडे ओढतो. घाईतला वेल्डर एका बाजूने सुटला की चौकटीला पीळ बसलाच म्हणून समजा.

पीळ बसलाय आणि डॉली डुगडुगतेय? कापाकापीआधी अधांतरी चाकाची प्लेट आणि चौकट यांत पत्र्याची पट्टी घाला. बोल्ट वापरल्याचा फायदा इथे कळतो. मात्र आधी डॉली दुसऱ्या जागी फिरवून पाहा, दोष जमिनीचाही असू शकतो.

टेकू चुकीच्या जागी

पद्मिनी असो, ॲम्बेसेडर असो की 800, या गाड्यांना वेगळी चासी नाही. बॉडीच भार पेलते. त्यामुळे टेकू कुठे द्यायचा हा प्रश्न जिवाचा आहे. फ्लोअरच्या सपाट पत्र्याखाली कधीच नको, तो आत दबतो. सस्पेन्शन किंवा क्रॉसमेंबर (गाडीखालचा आडवा लोखंडी दांडा) जिथे बोल्टने बसतो ती जाड ठिकाणं उत्तम.

सिल, म्हणजे दाराखालची लांब पट्टी, टेकूला चांगली दिसते, पण मुंबईच्या हवेत वाढलेल्या गाडीत बहुधा तीच आधी सडलेली असते. जे कापून नवं बसवायचंय त्याच्यावरच गाडी तोलून धरली तर कापताक्षणी बॉडी खचते. दरवाजे असतानाच त्यांच्या फटी मोजून लिहून ठेवा, मग दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका पाईप टॅक करा आणि त्यानंतरच ग्राइंडर लावा. नंतर दरवाजा लागेना झाला तर रंगारी काही करू शकत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स निघाला की वजनाचा मध्य मागे सरकतो. चाकं मागच्या टेकूच्या आत घेतली असतील तर मागे कुणी बसताच पुढचं टोक उचललं जातं. मागची चाकं शक्य तितकी मागे टाका. टेकूवर गाडी नुसती ठेवू नका, बोल्ट किंवा पट्ट्याने बांधा.

वेल्डिंग पकडत नाही तेव्हा

सांगाडा डॉलीवर चढल्यावर आर्क तुटक येते अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते, आणि मशीनला शिव्या बसतात. बघायला जावं तर अर्थचा चिमटा डॉलीच्या पाईपाला, आणि गाडी व डॉलीच्या मध्ये लाकडी ठोकळे किंवा रबर. करंट जाणार कुठून? चिमटा बॉडीलाच लावा, कामाच्या जवळ, पत्रा चकचकीत घासून.  लाकूड-रबरावर ठिणगी पडते याचंही भान ठेवा, पाण्याची बादली हाताशी हवी. पेट्रोलची टाकी आधीच उतरवलेली असावी, हे सांगायची गरज पडू नये.

ब्रेक म्हणजे स्टँड नव्हे

कॅस्टरचे ब्रेक चाक फिरू देत नाहीत इतकंच. स्टिल्टच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरही मारा. आणि डॉलीवरच्या गाडीखाली झोपून काम करू नका, कितीही घाई असो. खाली जायचं तर सांगाडा भक्कम स्टँडवर.

पावसाळ्यात काम थांबणार असेल तरी तेच करा. महिनोन्महिने भार एकाच जागी राहिला की रबर आणि पॉलीयुरेथेनची चाकं चपटी होतात. जूनच्या आधी पाईपांची उघडी तोंडं बंद करा, खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक भोक ठेवा, रेड ऑक्साइडचे दोन हात मारा आणि कॅस्टरमध्ये ताजं ग्रीस भरा.