फायबरची पॉवर बरोबर, तरी लिंक एरर मारतेय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या एखाद्या कंपनीतून लिंकची तक्रार आली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘पॉवर किती येतेय?’ उणे १२ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) ऐकलं की माणूस निर्धास्त, आणि खापर एसएफपीवर, म्हणजे फायबर जोडतो त्या मॉड्यूलवर. पण पॉवर मीटर येईल तो सगळा प्रकाश मोजतो. त्यात सिग्नल किती, नॉइज किती, हे त्याला कळत नाही. छोट्या लिंकवर हे खपून जातं. मध्ये ईडीएफए, म्हणजे फायबरमधला प्रकाश वाढवणारा ॲम्प्लिफायर असेल तर नाही, कारण तो सिग्नलबरोबर नॉइजही वाढवतो, वर स्वतःचा घालतो. तिथे ओएसएनआर, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती, हेच बघावं लागतं.

त्यातही गफलती होतात. किती बँडविड्थमध्ये मोजला हे न सांगता ओएसएनआर कळवला, तर त्या आकड्याला अर्थ नाही. रिवाज ०.१ नॅनोमीटरचा आहे. तोच नॉइज १ नॅनोमीटरमध्ये धरला तर आकडा १० डीबीने घसरतो. दुसरी फसगत रोडमची, म्हणजे एकाच फायबरमधले चॅनेल (वेगवेगळ्या तरंगलांबीचे सिग्नल) वाटेत काढणाऱ्या-घालणाऱ्या यंत्राची. दोन चॅनेलमधल्या जागेतला नॉइज मोजायची सवय असते, पण रोडमचे फिल्टर नेमकी तीच जागा कापतात. ओएसएनआर सुंदर दिसतो आणि चॅनेलच्या आतला नॉइज तसाच राहतो. आकडा फारच देखणा आला तर मला आधी शंका येते.

बीईआर टेस्ट, म्हणजे किती बिट चुकीचे पोचतात याची तपासणी, अर्ध्या मिनिटात उरकणं तर सर्रास चालतं. १०⁻¹² इतका एरर रेट ९५ टक्के खात्रीने सांगायचा, तर सुमारे ३ लाख कोटी बिट एकही चूक न होता जायला हवेत. १० जीबीपीएसला त्यासाठी ५ मिनिटं लागतात, १ जीबीपीएसला ५० मिनिटं. चहा घेऊन या, टेस्ट चालू राहू द्या.

ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून लॉस दाखवणारं यंत्र) एकाच टोकाने मारला की एखाद्या जॉइंटवर लॉसऐवजी चक्क ‘गेन’ दिसतो. फायबर प्रकाश वाढवत नाही. दोन तुकड्यांचं बॅकस्कॅटर, म्हणजे मागे परतणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण, वेगळं असतं, इतकंच. दुसरं टोक सिन्नरला असलं तरी तिथे जायचा कंटाळा करू नका, दोन्हीकडून मोजून सरासरी काढा. १३१० बरोबर १५५० नॅनोमीटरलाही मारा, कारण वाकलेली केबल तिथे जास्त उघडी पडते.

सिंगलमोड फायबरचा कोअर, म्हणजे प्रकाश जातो तो गाभा, जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे शर्टाने पुसलेला कनेक्टर स्कोपखाली बघितल्याशिवाय लावू नका. आणि हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा कनेक्टर) निळ्या, सरळ टोकाच्या यूपीसीत खुपसलेला दिसला, तर मीटर बॅगेतून काढूच नका. लॉस आणि रिफ्लेक्शन तिथेच आहे. पॅच कॉर्ड बदला, समोरच्या पोर्टचं टोकही तपासा.