एजंटाला पहिला प्रश्न विचारा: तुमचे पैसे कोण देणार?

काकांचा कर्वेनगरचा वन बीएचके विकायला काढला, तेव्हा एजंट घरातलाच झाला होता. येऊन चहा घ्यायचा, काकूंच्या गुडघ्याची चौकशी करायचा. “काका, पार्टी यापेक्षा एक रुपया वर यायला तयार नाही,” असं दोन महिने ऐकवून त्याने सौदा उरकला. काकांनी त्याला दलालीही दिली. पाच महिन्यांनी कळलं की तोच फ्लॅट आठ लाख जास्त घेऊन पुन्हा विकला गेलाय. त्याच सुमारास एजंटाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आली. खाली ‘मामा’ म्हणून जे नाव छापलं होतं, तो आमचा खरेदीदार होता.

हा प्रकार नवा नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यात नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे: मालक एजंटाला मिळकत विकायला सांगतो आणि एजंट दुसऱ्याच्या नावावर ती स्वतःच घेतो. एजंटाने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा व्यवहारात मालकाचं नुकसान झालं, हे दाखवता आलं तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो. पण ते दाखवायला हातात काहीतरी लागतं. मेहुण्याच्या आड एजंटच होता हे सिद्ध करायला काकांकडे एका ओळीचाही कागद नव्हता. म्हणून लेखी घेण्याचं काम घर बघायला जायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही.

पहिल्या भेटीतच लेखी विचारा

तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर हा मजकूर पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकू नका:

“आज बोलल्याप्रमाणे, कृपया कळवा. १) माझ्याकडून दलाली किती आणि कधी घेणार? २) समोरच्या पार्टीकडूनही घेणार का? किती? ३) या घरात किंवा समोरच्या पार्टीत तुमचे नातेवाईक, भागीदार किंवा तुमचे स्वतःचे पैसे आहेत का? ४) कर्ज, वकील, इंटिरियर यांपैकी कुणाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का?”

दोन्हीकडून दलाली घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि दोघांना माहीत असेल तर मला त्यात गैर वाटत नाही. मात्र असा माणूस तुमच्या बाजूने भाव करील ही आशा सोडा. किमतीची बोलणी समोरच्या पार्टीसमोर बसून स्वतः करा. एजंट दोघांची भेटच होऊ देत नसेल, तर तिथेच थांबा.

नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक असावाच लागतो. तो मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. जुन्या इमारतीतल्या रिसेलला मात्र तो लागतोच असं नाही. तिथे तुमचा हा लेखी निरोपच आधार आहे.

‘नेट’ची बोली घेऊ नका

विकणाऱ्याला हमखास विचारतात, “तुम्हाला नेट किती हवेत? वरचं मी बघतो.” ऐकायला सोपं वाटतं. पण त्या क्षणापासून एजंट तुमच्यासाठी काम करत नाही. वरचे सगळे त्याचे, त्यामुळे तुमचा आकडा खाली ठेवण्यातच त्याचा फायदा. दलाली ठरावीक टक्क्यांत किंवा ठोक रकमेत ठरवा, ती करारनाम्यातल्या किमतीवरच मोजा, चेकने द्या आणि पावती घ्या.

भाव स्वतः काढा

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. त्यात गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून त्या इमारतीत आधी झालेल्या व्यवहारांची सूची दोन बघता येते. घेणारा कोण, देणारा कोण, मोबदला किती, क्षेत्रफळ किती, सगळं त्यात असतं. काकांच्या फ्लॅटचे आठ लाख आम्हाला तिथेच दिसले. शेजारच्या तीन-चार फ्लॅटचे मोबदले कारपेट क्षेत्रफळाने भागले की चौरस फुटाचा अंदाज येतो. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, त्याला बाजारभाव समजू नका.

वकील आपला असावा

बिल्डरने किंवा एजंटाने सुचवलेला वकील चांगला असेलही, पण त्याला पुढची कामं त्यांच्याकडूनच मिळणार असतात. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का तेवढंच बघतो. फी स्वतः देऊन ओळखीबाहेरचा वकील गाठा आणि मिळकतीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. घराची किंमत बघता ही फी जड वाटायला नको. कर्ज मिळवून देणाऱ्यालाही बँकेकडून पैसे मिळतात, म्हणून दोन बँकांत स्वतः जाऊन व्याजदर विचारून या.

सोसायटीचा एखादा पदाधिकारीच दलाली करत असेल तर जास्त सावध राहा. “ना-हरकत माझ्याच हातात आहे,” असं तो सांगेल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराला सोसायटीच्या ना-हरकत पत्राची गरज नसते. बँक कर्जासाठी ते मागते, तेव्हा रीतसर अर्ज करून घ्यायचं. सोसायटी घेते ते हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर ‘देणगी’ मागितली तर मागणी लेखी द्यायला सांगा.

नवीन प्रकल्पात

नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. “आजच बुक करा” म्हणून कुणी घाई केली, तरी हा आकडा विसरू नका.

आपलीही बाजू उघडी ठेवा

पारदर्शकता फक्त एजंटाकडून मागायची नसते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. गळती, थकलेला मेंटेनन्स, भावाबरोबरचा वाटणीचा वाद, वरच्या मजल्याशी चाललेली भांडणं, हे सगळं एका कागदावर लिहा. आणि व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नका. प्राप्तिकर कायद्यात त्याला मनाई आहे आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

दोन वर्षांपूर्वी मी माझा फ्लॅट विकला, तेव्हा एजंट म्हणाला, “ताई, रंग लावून घ्या, कळणार नाही.” मी रंग लावला नाही. कागदावर लिहिलं: पावसाळ्यात बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिडकीखाली ओल येते, दोनदा वॉटरप्रूफिंग केलं आहे, शेवटचं मागच्या मे महिन्यात, पावती सोबत. घेणाऱ्या बाईंनी भिंतीला हात लावून बघितला आणि चाळीस हजार कमी करायला सांगितलं. मी केले. कागदावर दोघींनी सह्या केल्या आणि एकेक प्रत घेतली. त्या वर्षी जुलैत भिंतीला ओल आली, तेव्हा त्यांचा फोन आला, तो फक्त वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर विचारायला.