कोळी ओळखायचा तर रंग शेवटी बघा

औसा तालुक्यात आमचं शेत आहे आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. करडई फुलली की पोरं डबीत कोळी घेऊन वर्गात येतात. एका जानेवारीत एकाच धुऱ्यावरून तीन आले. एक पांढराशुभ्र, एक हळदीसारखा पिवळा आणि तिसरा तपकिरी, ज्वारीच्या दाण्याहूनही बारका. मी वहीत तीन जाती लिहून मोकळी झाले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं, पहिल्या दोघी एकाच जातीच्या माद्या आणि तो बारका त्यांचा नर. खेकडा कोळ्याची मादी फुल बघून काही दिवसांत पांढऱ्याची पिवळी होते.

म्हणून पोरांना आता आधी हवाई बेटांची गोष्ट सांगते. तिथल्या ओल्या रानात पानाच्या खालच्या अंगाला थेरिडियन ग्रॅलॅटर नावाचा जेमतेम ५ मिलिमीटरचा कोळी राहतो. काहींच्या पोटावर हसरा चेहरा काढल्यासारखी लाल-काळी नक्षी, काही नुसतेच पिवळे. जात एकच, फ्रान्सच्या यूजीन सिमाँ यांनी १९०० मध्ये तिचं वर्णन केलं. आमच्या करडईवरची मादी रंग बदलते, याची नक्षी मात्र आई-बापाकडून येते. त्यातही माउई बेटावर ती ज्या रीतीनं वारशात उतरते, ती रीत त्याच समूहातल्या हवाई नावाच्या बेटावर लागू पडत नाही. रंगावर विसंबलं असतं तर एका कोळ्याच्या डझनभर जाती झाल्या असत्या.

तर मग बघायचं काय? हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसा. जाळं आहे का, असेल तर गोल चाकासारखं, पसरट चादरीसारखं की नळीसारखं? कोळी फुलावर दबा धरून आहे की जमिनीवर पळतोय? पकडल्यावर ही माहिती परत मिळत नाही. तुरीतले कोळी हवे असतील तर झाडाखाली छत्री उलटी धरा आणि फांदीवर काठीनं हलके टोले द्या. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही कोळी उचलायचा नाही.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि डोळे बघा. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांच्या मांडणीवरून कुळाचा, म्हणजे जवळच्या जातींच्या मोठ्या गटाचा, चांगला अंदाज येतो. पुढचे मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतील तर तो उडी मारणारा. खालच्या ओळीत चार बारके, वर दोन मोठे, मागे आणखी दोन, असं असेल तर लांडगा कोळी. खेकडा कोळ्याचे पुढचे दोन जोड पाय लांब, दणकट आणि बाजूला पसरलेले असतात. बाभळीच्या किंवा लिंबाच्या खोडाला चिकटलेला, मागे दोन लांब शेपट्या असलेला कोळी दिसला तर त्या शेपट्या म्हणजे सूत काढणारे अवयव आहेत.

इथवर कुळ कळतं. जात कळायला कोळी पूर्ण वाढलेला लागतो, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. नराच्या तोंडापाशी पायांसारखे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. वाढलेल्या नरात त्यांची टोकं फुगीर होतात आणि आत वळणं, काटे, आकडे दिसतात. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला एक कडक पट्टी असते, ती एपिगाइन. बहुतेक जाती या दोन अवयवांवरूनच वेगळ्या करतात. पिल्लाला जातीचं नाव देऊ नका. वहीत कुळ लिहा आणि थांबा.

नमुना ठेवायचा तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आतच टाका. मी एकदा बॉलपेननं लिहिली. महिन्याभरात शाई विरघळली आणि बालाघाटाच्या डोंगरातून आणलेले अकरा कोळी गाव नसलेले झाले. त्यांचं मला आजही वाईट वाटतं. ठिकाण, तारीख, झाड, पकडणाऱ्याचं नाव एवढं हवंच.

वर्णन लिहिताना मापं मिलिमीटरमध्ये घ्या: शिरोवक्षाची (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाची) लांबी-रुंदी, पोट, प्रत्येक पायाचे सातही भाग. सगळ्यात लांब पाय कोणता, मग कोणता, तो क्रम लिहा. पाल्प आणि एपिगाइन यांचं चित्र हातानं काढा. फोटोत जी कड निसटते ती काढताना डोळ्यांना सापडते. रंग शेवटी, आणि जिवंत असतानाचा, कारण अल्कोहोलमध्ये तो उडतो.

नवी जात वाटली तरी घाई नको. जगात ५० हजारांहून जास्त जातींची नोंद आहे आणि जवळच्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन वाचावं लागतं. इतर प्राण्यांची शास्त्रीय नावं १७५८ पासूनची धरतात. कोळ्यांसाठी मात्र स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांच्या १७५७ च्या ग्रंथापर्यंत मागं जावं लागतं. शेवटी ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव आधारलेलं असतं तो होलोटाइप. तो घरच्या कपाटात ठेवायचा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो ठरवून दिलेल्या संग्रहालयात जमा करायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था त्यांपैकी एक आहे आणि तिचं एक केंद्र पुण्यात आहे.