रात्री बाळाला धाप लागली तर या चुका टाळा

संध्याकाळी नाक गळत असतं, तरी मूल खेळतं, वरणभात खातं आणि झोपतं. मध्यरात्री ते घोगऱ्या, भुंकल्यासारख्या खोकल्याने दचकून उठतं आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो. सहा महिने ते तीन वर्षं या वयात असं झालं तर तो बहुधा क्रूप असतो. विषाणूमुळे स्वरयंत्राजवळची श्वासनलिका सुजते. ती मुळातच इतकी अरुंद असते की जराशी सूजही पुष्कळ जागा अडवते. क्रूपचा त्रास रात्रीच वाढतो, म्हणून घरातल्यांची गाळण उडते आणि घाईघाईत चुका होतात.

आवाज ऐकत बसणं

सर्वांत मोठी चूक हीच. घरचे खोकला किती वेळा आला ते मोजतात आणि छातीकडे बघतच नाहीत. दिवा लावा, बाळाचा अंगरखा वर करा आणि नुसतं बघा. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का? गळ्याखालची खळगी खोल जातेय का? नाकपुड्या फुलताहेत का, बाळ कण्हतंय का? यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे. आकडा कमी आला पण छाती ओढली जातेय, तर विश्वास छातीवर ठेवा. मोठ्यांचा ऑक्सिमीटर बाळाच्या इवल्या बोटाला लावून ‘९७ दाखवतोय’ म्हणत थांबणं तर फारच धोक्याचं.

ओठ निळसर किंवा राखाडी पडले, बाळ दूध ओढेना, किंवा इतका वेळ धडपडणारं बाळ एकदम मलूल होऊन गप्प झालं, तर क्षणभरही थांबू नका. त्या शांततेला ‘आता जरा बरं वाटतंय’ समजणारे पुष्कळ असतात. खरं तर बाळ दमलेलं असतं.

वाफ, धुरी, कापूर

आजीच्या मायेबद्दल शंका नाही, पण वाफेने क्रूप बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं मात्र रुग्णालयात येतात. ओव्याची धुरी सुजलेल्या नळीला आणखी त्रास देते. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून कापराची पुरचुंडी किंवा कापूर घातलेलं तेल बाळाच्या हाताशी नको. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

घरातल्या डब्यातली औषधं

खोकल्याचं सिरप श्वासनलिकेची सूज उतरवत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपने मुलं दगावली, त्यातल्या अनेकांना नागपूरला हलवलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळायची. क्रूप विषाणूचा, त्यामुळे उरलेलं अँटिबायोटिकही कामाचं नाही.

शेजारच्या मुलाचा नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून श्वासावाटे देणारं यंत्र) मागून आणू नका. पण तुमच्याच मुलाला दमा असेल आणि डॉक्टरांनी इनहेलर व स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लिहून दिला असेल, तर ‘सवय लागेल’ या भीतीने तो कपाटात ठेवणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक.

वाटेत आणि कॅज्युअल्टीत

रिक्षात बसेपर्यंत, थंड हवेत, क्रूपचा त्रास बऱ्याचदा उतरतो आणि लोक अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. फिरू नका. तासाभरात तो पुन्हा चढू शकतो. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. बाळाला आडवं न ठेवता मांडीवर सरळ बसवून न्या. धाप लागलेली असताना बळेच दूध पाजू नका, ठसका लागेल.

तोंडात चमचा घालून घसा बघायचा प्रयत्न करू नका. ताप चढलेला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, अशा मुलाचा श्वास त्यानेच बंद पडू शकतो. घशात पांढरा पडदा किंवा मान सुजलेली दिसली आणि लसीचे डोस चुकले असतील, तर घटसर्पाची शंका डॉक्टरांना लगेच सांगा. लसीचं कार्ड सोबत घ्या. बाळाचं वजन आणि दिलेली औषधं सांगा, घरच्या उपायांसकट. लाजू नका, कोणी रागावलं तरी सांगा.

ताप-सर्दी काही नाही आणि शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना अचानक ठसका लागून त्रास सुरू झाला, ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही.

मग येतो घरच्यांचा सलाईनचा हट्ट. क्रूपवर बहुतेक वेळा डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा एक डोस तोंडावाटे पुरतो. त्रास जास्त असेल तर अॅड्रेनलिन हे औषध नेब्युलायझरच्या मास्कमधून देतात. उगाच सुई टोचून बाळ रडलं तर सुजलेली नळी आणखी आवळते. म्हणून मास्क लावतानाही त्याला आईच्या मांडीवरच राहू द्यायला सांगा. अॅड्रेनलिनचा परिणाम साधारण दोन तासांत ओसरतो, तेव्हा ‘बरं झालं, सोडा आता’ म्हणून घाई करू नका. डॉक्टर दोन-चार तास थांबा म्हणाले तर थांबा.

घरी निघताना एकच विचारून घ्या: पुन्हा कोणती लक्षणं दिसली तर यायचं? क्रूप पुढच्या एक-दोन रात्री परत डोकं वर काढतो. त्या रात्री बाळाच्या खोलीत उदबत्ती, मच्छर कॉइल आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवा.