ईआरपी घेताय? आधी या चुका टाळा

“सर, आम्हाला ईआरपी घ्यायचंय. कुठलं चांगलं?”

पुण्याजवळचं भोसरी असो, चाकण असो, पिरंगुट असो, प्रश्न हाच. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, हिशेब असं कारखान्याचं सगळं काम एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर. मी विचारतो, “कशासाठी?” मग उत्तरं येतात. शेजारच्या गाळ्यात आलंय. सीए म्हणाले घ्या. मुलगा एमबीए करून आलाय, त्याला सगळं मोबाइलवर बघायचंय. यातलं एकही उत्तर धंद्याबद्दल नसतं. पुढची दोन वर्षं पैसा कुठल्या गिऱ्हाइकाकडून येणार, माल उशिरा का निघतो, स्टोअरमध्ये किती रक्कम गंजत पडलीय, यावर कुणी बोलत नाही. हेच मालक नवं सीएनसी मशीन घेताना सायकल टाइम (एक पार्ट निघायला लागणारा वेळ) काढतात, बँकेचा हप्ता आणि महिन्याला निघणारे पार्ट यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. तितक्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला मात्र हॉटेलातला डेमो आणि नंतरचं बुफे जेवण पुरतं.

लहान-मध्यम कारखान्यांची ही कामं निस्तरणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे तक्रार करायचा मला तसा अधिकार नाही. पण त्याच त्याच चुका बघून कंटाळा येतो, म्हणून लिहितोय.

शेजाऱ्याने घेतलं म्हणून घेणं

भोसरीतला एक शीटमेटलचा कारखाना. चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीला ब्रॅकेट पुरवायचा. शेजाऱ्याकडे ईआरपी आलं तसं यांनीही घेतलं, आणि घेतलंच आहे तर पूर्ण घेऊ म्हणून हजेरी-पगारापासून मार्केटिंगपर्यंत सगळे मोड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचे वेगवेगळे भाग, घेतले. मालाची यादी, म्हणजे आयटम मास्टर, भरायचं काम नुकत्याच लागलेल्या डिप्लोमाच्या पोराला दिलं. त्याने जुन्या एक्सेल फायली आणि टॅलीतली नावं उचलून तशीच चिकटवली. ‘एम ८ बोल्ट’, ‘बोल्ट एम ८ बाय २५’, ‘हेक्स बोल्ट ८ एमएम’. रॅकवर एकच डबा, सिस्टिममध्ये तीन वेगळ्या वस्तू.

खरी गंमत पत्र्याची झाली. पत्रा खरेदी होतो किलोवर, स्टोअरमधून शॉपला जातो नगावर आणि एका ब्रॅकेटला लागतो ग्रॅममध्ये. ही तिन्ही मापं एकमेकांशी जोडणारा रकाना कुणी भरलाच नव्हता. त्यामुळे जो पत्रा मुबलक पडून होता तो सिस्टिमला शून्य दिसायचा आणि त्याची नवी ऑर्डर निघायची. जो संपला होता तो भरपूर दिसायचा, आणि प्लॅनिंगवाले त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाला तारीख देऊन बसायचे. वाहन कंपनीला तासाच्या हिशेबाने माल लागतो. एक दिवस ब्रॅकेट कमी पडले, तिकडून लाइन थांबेल असा फोन आला. मग मिळेल त्या भावाने बाहेरून पत्रा, रात्रपाळीला दुप्पट माणसं, स्पेशल टेम्पो, आणि एवढं करून शेवटी बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट आलीच.

मला बोलावलं तेव्हा केबिनमध्ये मालक, त्यांचा मुलगा आणि सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस वाद घालत होते. कोपऱ्यात स्टोअरचे मामा उभे होते. मी विचारलं, “मामा, दीड एमएमचा पत्रा किती आहे?”

मामा म्हणाले, “वहीतला सांगू का कॉम्प्युटरमधला?”

वही त्यांनी बंद केलीच नव्हती, आणि वहीतला आकडा बरोबर निघाला. सॉफ्टवेअरवाल्याचं म्हणणं होतं, अजून थोडं कस्टमायझेशन, म्हणजे यांच्यापुरते बदल, केले की सगळं जुळेल. मुलालाही ते पटत होतं. असा प्रसंग आला की माझा पारा चढतो. ज्या खात्यात आकडे चुकीचे पडलेत त्यावर आणखी पैसे ओतले तर चुकीचे आकडे फक्त जास्त वेगाने फिरतात.

आम्ही केलं ते असं. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारी स्टोअर उघडून रॅकनिहाय मोजणी लावली. प्रत्येक वस्तूचं नाव मामांनी ठरवायचं, पोराने टाइप करायचं. एका वस्तूला एकच कोड. किलोचे नग किती हेही मामांनीच सांगायचं, शंका आली तर वजनकाट्यावर ठेवून बघायचं. यापुढे नवा आयटम उघडायचा तर मामांच्या लॉगिनमधूनच, मालकाच्या मुलालाही परवानगी नाही. (यावर मुलगा बराच रुसला.) स्टोअर, खरेदी आणि डिस्पॅच एवढंच चालू ठेवून बाकीचे मोड्यूल झाकून टाकले. कारण त्या धंद्याचं दुखणं दोनच होतं, अडकलेला स्टॉक आणि चुकलेली डिलिव्हरी. गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असताना मार्केटिंगचं मोड्यूल घेऊन करायचं काय? त्याची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी, मात्र ते अजून भरतायत, करार तसा केलाय.

हे लहान कारखान्यातच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या टार्गेट कंपनीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडायला सुरुवात केली, १३३ पर्यंत नेली. नव्या सिस्टिममध्ये मालाची माहिती घाईघाईत भरलेली, मापांत इंच आणि सेंटिमीटरची सरमिसळ. गोदामं तुडुंब आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी कॅनडातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. कारणं इतरही होती, पण सुरुवात मामांना न विचारण्यापासूनच झाली होती.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेलो की मी आधी स्टोअरमध्ये जातो, मग डिस्पॅचच्या टेबलाशी, आणि केबिनमधला चहा सगळ्यात शेवटी घेतो. मालकाला एक कोरा कागद देतो आणि धंद्यात झोप कशाने उडते ते स्वतःच्या हाताने लिहायला सांगतो. तो कागद हातात पडेपर्यंत मी कुठल्याही सॉफ्टवेअरचं नाव तोंडातून काढत नाही. काही जणांना हा वेळकाढूपणा वाटतो. त्यांनी दुसरा माणूस शोधावा, मिळेल, पुण्यात काय कमी आहेत का!

चुकीच्या वेळी चालू करणं

१ एप्रिलचं सगळ्यांना भारी आकर्षण. नवं वर्ष, कोरे आकडे, सीए खूश. पण मार्चअखेरीस स्टोअर स्टॉक मोजत असतं, विक्रीवाले टार्गेटमागे धावत असतात आणि अकाउंट्सला मान वर करायला फुरसत नसते. अशा वेळी नवी सिस्टिम शिकणार कोण? दुसरा आवडता मुहूर्त दसरा. फराळ, मिठाई, कपडे असला धंदा असेल तर दसऱ्याला सिस्टिम बदलणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने हे १९९९ मध्ये करून दाखवलंय. चार वर्षांत करायचं काम अडीच वर्षांत बसवलं, तीन मोठ्या प्रणाली एकदम चालू केल्या, आणि त्याही जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या हॅलोविनच्या ऑर्डर येण्याच्या तोंडावर. माल गोदामात होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचवता आल्या नाहीत.

मी चालू करतो ते जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या गुरुवारी, गणपतीच्या बरंच आधी, आणि एका वेळी एकच खातं. जुनी वही आणखी दोन महिने चालू ठेवायला लावतो. ‘महिन्यात लाइव्ह’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांना मी एवढंच विचारतो, दुसऱ्या महिन्यात फोन उचलायला कोण असणार?

सगळ्या किल्ल्या एकाच खिशात

‘कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. पंपाचे भाग निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि ईमेलचा इंटरनेटवरचा पत्ता, जुनी वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो नोकरीला बंगळुरूला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलबॉक्समध्ये पडत राहिल्या. एके दिवशी परदेशी गिऱ्हाइकांचे मेल परत जायला लागले, आणि कंपनी बंद पडली की काय अशी चौकशी त्यांच्या एजंटाकडे झाली. डॉट कॉम डोमेनची मुदत संपून ते रद्द झालं की साधारण महिनाभर ते जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, पण ज्याच्या नावावर आहे त्यालाच. तो मुलगा भला होता, त्याने सही दिली. नसता भला तर?

म्हणून डोमेन, जीएसटी पोर्टलला जोडलेला मोबाइल नंबर, डिजिटल सहीचा टोकन, सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड हे सगळं कंपनीच्या नावावर, आणि त्याची यादी पाकिटात सील करून मालकाच्या लॉकरमध्ये. खंडेनवमीला मशीनला हार घालतात, सर्व्हरलाही हळदकुंकू लागतं. लागू दे. पूजा झाली की मी ते पाकीट उघडायला लावतो, प्रत्येक पासवर्ड चालतो का बघतो, आणि बॅकअपमधून एक जुनी फाइल परत आणून दाखवायला सांगतो. जिथे पहिल्यांदाच करतो तिथे फाइल बहुधा येत नाही. बॅकअपची हार्डडिस्क वर्षभर त्याच सर्व्हरला लावून ठेवलेली असते. व्हायरस आला तर तो तिलाही सोडणार नाही.

सुरक्षा हा नुसता खर्च समजणं

पुण्यात तरी हे सांगावं लागू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून काढले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम काढले. ‘आम्ही बँक थोडेच आहोत’ म्हणणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण: जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि तिच्याकडे असलेलं जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. आपला सर्व्हर ठणठणीत असूनही आपला कंटेनर बंदरात अडकू शकतो, तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरी तारीख कशी द्यायची हे आधीच ठरवलेलं बरं. आणि हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांच्या आत कळवायचं असतं. तो ईमेल पत्ता वर सांगितलेल्या पाकिटात हवा.

बाकीच्या, भरभर

वाढ होतेय याचा आनंद आहे, पण उलाढालीनुसार नियमही बदलतात: १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं, आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी किंवा त्याहून जास्त असाल तर बिल तीस दिवसांत पोर्टलवर चढवावं लागतं. हे सीएने आठवण केल्यावर नाही, वर्षाचं बजेट करतानाच बघा.

कंपनी असाल तर अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये, १ एप्रिल २०२३ पासून. मागच्या तारखेला जाऊन गुपचूप खाडाखोड करायचे दिवस गेले.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनला जोडलेला जुना पीसी बदलता येत नसेल तर निदान त्याचं इंटरनेट काढा.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर येऊ द्या, पण ती तिथेच राहू देऊ नका. सेल्सचा माणूस फोन घेऊन जातो, ऑर्डरी त्याच्याबरोबर जातात.

चोरीचं सॉफ्टवेअर: यावर बोलायचा मला कंटाळा आलाय.

एआय लावायचंय? लावा. पण आधी स्टोअरमध्ये एका बोल्टला एकच नाव आहे ना, ते बघून या.

आयटीला अकाउंट्सच्या ताब्यात देणं

शेवटची, आणि माझ्या मते मूळ चूक. कॉम्प्युटरचं बिल अकाउंट्स भरतं म्हणून निर्णयही अकाउंट्सकडे जातात, आणि मग प्रश्न एकच उरतो, स्वस्त कसं पडेल. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना आणि मोठ्या वित्तसंस्थांना एप्रिल २०२४ पासून संचालक मंडळाचीच आयटी स्ट्रॅटेजी कमिटी नेमायला लावलीय, तिमाहीत किमान एक बैठक सक्तीची. दीडशे माणसांच्या कारखान्याला कमिटी नको. पण तिमाहीला एक तास मालकाने द्यावा असा माझा हट्ट असतो. गुरुवारी सकाळी, कारखाना बंद असताना. मालक, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स. त्या तिमाहीत कुठलं गिऱ्हाईक नाराज झालं, त्यात माहिती उशिरा किंवा चुकीची मिळाल्याचा वाटा किती, आणि पुढच्या तिमाहीत कुठली एकच गोष्ट दुरुस्त करायची, एवढंच बोलायचं. सॉफ्टवेअरवाल्याला या बैठकीला बोलवायचं नाही. त्याला शुक्रवारी यादी पाठवायची.