दृढीकरणानंतरचा सोमवार: देवाच्या राज्याचे नागरिक म्हणून कसं राहायचं

दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा चर्चमधला विधी. त्या रविवारी बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात, मुलं पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेतात, घरी बिर्याणी होते, फोटो होतात. मग आठवडाभरात कुणीतरी गिरणीवर येऊन विचारतं, "मावशी, आता पुढं काय करायचं?" दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार हे सगळं वर्गात पाठ झालेलं असतं. वर्ग मीच घेते, त्यामुळं उत्तर देणंही माझ्याच अंगावर येतं. तेच इथं सविस्तर लिहिते.

आमची पिठाची गिरणी आहे, प्रवरेच्या काठच्या एका गावात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. मी जे सांगते ते दळणाच्या डब्यांमध्ये उभं राहून शिकलेलं आहे, म्हणून उदाहरणंही तिथलीच येतील. तुमचं काम वेगळं असेल तर ती तुमच्या कामाला लावून बघा.

आधी आपण कुठले ते नक्की करा

प्रेषित पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. ते गाव मासेदोनियातलं, पण रोमची वसाहत. इ.स.पूर्व 42 मध्ये तिथं मोठी लढाई झाली आणि त्यानंतर रोमी सैनिकांना जमिनी देऊन तिथं वसवलं. रोम समुद्रापलीकडं, तरी गावात कायदा रोमचा, मान रोमचा. त्यामुळं पौल काय म्हणतोय हे तिथल्या लोकांना फोड करून सांगावं लागलं नसणार. राहायचं इथंच, चालायचं तिथल्या कायद्यानं. डोळे मिटून स्वर्गाची वाट बघत बसा असं त्या पत्रात कुठंही नाही.

त्याच गावात लुदिया होती, जांभळी वस्त्रं विकणारी धंदेवाली बाई. तिनं बाप्तिस्मा घेतला आणि लगेच पौलाला आग्रह करून घरी उतरायला नेलं. धंदा सोडल्याचं लिहिलेलं नाही. तिथल्याच तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं त्याच रात्री कैद्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना आपल्या घरात जेवायला वाढलं. मुलांना मी हे दोन प्रसंग मुद्दाम वाचायला लावते, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय. राज्यात आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी काय केलं ते तिथं दिसतं: दार उघडलं, पाणी आणलं, ताट वाढलं.

आणि हे नागरिकत्व कमवायचं नसतं, ते कृपेनं मिळालेलं असतं. खाली जे काही करायला सांगते ते मिळालेल्या नागरिकत्वाला शोभेल असं राहण्यासाठी आहे. हा क्रम उलटा झाला की माणूस एकतर फुशारतो नाहीतर खचतो. मंडळीत मी दोन्ही प्रकार बघितले आहेत.

कुणाला कळणार नाही अशा जागेपासून सुरुवात करा

गिरणीत बाया डबा ठेवून जातात. डब्यावर नाव असतं, आत धान्य असतं, आणि दळताना बघायला कुणी नसतं. बाजरीनंतर लगेच गहू टाकला की पहिलं पीठ करड्या रंगाचं पडतं, कारण दगडांत आणि खालच्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचं पीठ राहिलेलं असतं. ते कुणाच्या डब्यात जाणार हे गिरणीवाल्याच्या मनावर असतं.

आषाढी एकादशीच्या आधी आणि नवरात्रात उपवासाची दळणं येतात: राजगिरा, शिंगाडा, भगर. मी ते उपवास धरत नाही. पण ती दळणं एका ठरावीक दिवशी घ्यायची, त्या सकाळी मोटार बंद ठेवून दगड उघडायचे, ब्रशनं कडेकपारीतलं पीठ झाडायचं, पिशवी उलटी करून उन्हात झटकायची, मग घरची मूठ-दोन मुठी भगर आधी दळून ती कोंबड्यांना टाकायची, असा आमच्याकडं नेम आहे. त्या माऊलीच्या राजगिऱ्यात गव्हाचं पीठ गेलं तर तिचा उपवास मोडणार आणि तिला ते कधी समजणारही नाही. शेजाऱ्यावर प्रीती कर या आज्ञेचा माझ्या वाट्याला आलेला भाग तो ब्रश आहे, असं मला मनापासून वाटतं. तिची श्रद्धा माझी नाही, तरी तिनं विश्वासानं ठेवलेला डबा माझ्या ताब्यात आहे.

तुमच्या कामात अशी जागा कुठली ते शोधा. हजेरीचं रजिस्टर असेल, दुधाचं फॅट मोजणं असेल, ऑफिसचं प्रवासबिल असेल, परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर असेल. एकच जागा निवडा आणि तिथं प्रभूचा कायदा लावा. सगळं आयुष्य एकदम सुधारायला निघालेली पोरं महिनाभरात दमतात.

काट्याबद्दल एवढंच: खोटा काटा परमेश्वराला किळसवाणा वाटतो असं नीतिसूत्रांत स्पष्ट आहे. वैधमापनचा शिक्का दरवर्षी वेळेवर मारून घ्या. सरकारचा कायदा आणि प्रभूचा कायदा इथं एकच गोष्ट मागतात.

देणं-घेणं

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे: जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण ठेवून घेण्यासारखं आहे. गिरणीवालीनं हा नियम वाचला की तो आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. म्हणून आमच्याकडं उधारी राहिली तरी कुणाचा डबा अडवून ठेवत नाही. पीठ अडवलं की त्या घरची संध्याकाळची चूल अडते. उधारीची वही आहे, ती माझ्या ड्रॉवरमध्ये असते. चार बाया उभ्या असताना नाव घेऊन आकडा सांगायचा नाही, एकटी भेटेल तेव्हा हळू विचारायचं. पैसे बुडतात का? कधी कधी बुडतात. ते धरूनच भाव ठरवा आणि पुढं चला.

त्याच अध्यायात पुढं आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडं लागलेलं असतं. शेतात बाया लावत असाल, घरी धुणंभांडी करायला ताई येत असेल, तर हे आजपासून करता येतं. "सुट्टे नाहीत, उद्या ने" हे वाक्य बंद करा. रविवारच्या अर्पणाच्या पाकिटाआधी ही मजुरी येते, असं मी वर्गात ठासून सांगते आणि काही पालकांना ते आवडत नाही.

होय तर होय

आता अवघड विषय. आपल्यातल्या बऱ्याच घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी स्थिती आहे. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. गावकुसाबाहेरचं घर बाप्तिस्म्यानं गावात आलं नाही, हे ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे. माझ्या मते हा अन्याय आहे आणि तो दूर व्हावा म्हणून उघडपणे, सनदशीर मार्गानं मागणी करत राहिलं पाहिजे.

पण नव्यानं दृढीकरण झालेल्या मुलानं मला विचारलं की फॉर्मवर काय लिहू, तर मी त्याला खरं ते लिही असंच सांगते. त्याची किंमत काय पडेल तेही सांगते, आणि ती किंमत त्यानं एकट्यानं भरायची नाही हेही मंडळीला सांगते. फी भरायला कमी पडत असेल तर ज्यांच्या घरात दोन पगार येतात त्यांनी पुढं यावं. खरं बोलायला लावून नंतर हात झटकणारी मंडळी मुलांना खोटंच शिकवते. आणि ज्या आई-बापांनी लेकरांच्या शिक्षणासाठी वेगळा निर्णय घेतला त्यांच्याबद्दल चहाच्या टपरीवर न्यायनिवाडा करत बसू नका.

ताट आणि प्याला

रविवारी एकाच प्याल्यातून पितो आणि लग्न जमवताना पहिला प्रश्न काय विचारतो? "मूळचे कोण ते?" करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल त्यांना म्हणाला, हे तुमचं प्रभुभोजन नव्हेच. आपल्याकडं जेवण संपतं त्याआधी पंगतच वेगळी होते, एवढाच फरक.

कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात "देवाचा दरबार" हा ख्रिस्ताच्या शिष्यांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी, निराधार मुली गोळा करून केडगावला मुक्ती मिशनमध्ये आणल्या आणि त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. आपण त्यांचे वारस म्हणवतो. मग निदान एवढं करा: मंडळीतल्या ज्या घरी तुमच्या घरचं कुणीच आजवर जेवलेलं नाही, त्या घरी जा. नुसतं बोलावू नका, त्यांच्याकडं जाऊन जेवा. बोलावणाऱ्याचा हात वरच राहतो, जेवणाऱ्याला मात्र समोरच्याच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. नाताळाआधी एक घर झालं तरी पुष्कळ.

बदल हळू होतो म्हणून निराश होऊ नका. एका स्त्रीनं तीन मापं पिठात खमीर लपवलं आणि सगळं पीठ फुगलं, असा दाखला प्रभूनं राज्यासाठी दिला. तीन मापं म्हणजे घरच्यापुरतं नाही, पंगतीचं पीठ. प्रभूनं त्यासाठी पिठाचं काम करणारी बाई निवडली याचा मला फार आनंद आहे.

भांडण मिटवण्याची रीत

वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू म्हणतो. यासाठी रविवारची सकाळ फार उशिराची वेळ आहे. ज्या रविवारी प्रभुभोजन असेल त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी जा. एकटे जा. व्हॉट्सॲपवर माफी मागू नका. तो मेसेज दहा जणांना फिरतो. आपलं जेवढं चुकलं तेवढंच बोला, "पण तुम्हीही…" हे वाक्य गिळा. समोरच्यानं दार लावलं तर राग न धरता परत या आणि पुढच्या वेळी पुन्हा जा.

मंडळ्यांच्या जागा, ट्रस्ट, निवडणुका यांवरून भाऊ भावाविरुद्ध कोर्टात वर्षानुवर्षं उभे आहेत. भावानं भावाला कोर्टात खेचू नये असं सांगणारा करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय कमिटीच्या प्रत्येक बैठकीआधी मोठ्यानं वाचावा असं माझं मत आहे.

हक्क सोडू नका

काही जणांना वाटतं की स्वर्गाचा नागरिक म्हणजे मान खाली घालून सगळं सोसणारा. पौलाला फिलिप्पैत अधिकाऱ्यांनी चौकशीशिवाय फटके मारायला लावले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत. त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले. म्हणून दफनभूमीची वाट कुणी अडवली, प्रार्थनेला आडकाठी केली, तर संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 आपल्यासाठीही आहे हे लक्षात ठेवा. तोंडी रडगाणं गाऊ नका. लेखी अर्ज द्या, तारीख घाला, शिक्क्याची पोच घ्या, फाइल ठेवा. अर्जात शिवी नको आणि धमकी नको. अडवणाऱ्यासाठी घरच्या प्रार्थनेत नाव घेऊन प्रार्थना करा. अर्ज आणि प्रार्थना दोन्ही एकाच दिवशी करता येतात.

कैसराचं कैसराला, म्हणजे सरकारचं सरकारला, हेही तितकंच खरं. घरपट्टी, पाणीपट्टी थकवू नका.

प्रार्थना आणि ग्रामसभा

"तुझे राज्य येवो" हे रोज म्हणताना एक ठिकाण मनात धरा. तुझं राज्य आमच्या वर्गात येवो, आमच्या शिफ्टमध्ये येवो, सासू-सुनेच्या या स्वयंपाकघरात येवो. आठवडाभर तेच ठिकाण ठेवा. मग तिथं काय करायचं ते सुचू लागतं.

बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलं होतं की तुम्ही ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. आपलं नगर म्हणजे आपली ग्रामपंचायत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्यात आपली माणसं सहसा फक्त दफनभूमीचा विषय असला तरच दिसतात. यंदा शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी जा, दुसऱ्या वस्तीच्या गटारासाठी जा. विषय आधी लेखी द्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही घ्या, वेळेवर पोचा, आणि जाताना मंडळीतल्या एका तरी तरुण मुलीला बरोबर न्या. तिलाही बोलू द्या.