आधी मान, मग मशीन

बेळगावात आयसीयूत नर्स म्हणून मला २१ वर्षं झाली. नव्यानं ड्युटीवर आलेल्या मुली हमखास विचारतात, "सिस्टर, नळी कधी काढायची हे कळतं कसं?" नळी म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासनलिकेत घातलेली. निर्णय डॉक्टरांचाच. पण राउंडला आपण काय सांगतो, त्यावर तो ठरतो, म्हणून हे लिहिते.

सुरुवात सकाळी सहाला. डॉक्टरांची ऑर्डर असेल तर झोपेचं औषध बंद करा आणि पेशंट जागा होईपर्यंत बेडपासून हलू नका. अर्धवट जागा झालेला माणूस पहिला हात नळीलाच घालतो. मग आकडे बघा. ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आलाय का, पीप (श्वास सोडल्यावर मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) ५ ते ८ आहे का, एवढ्यावर सॅच्युरेशन ९० च्या वर टिकतंय का, बीपी टिकवून धरणारी औषधं बंद किंवा अगदी थोडी आहेत का? ज्या दुखण्यासाठी नळी घातली ते उताराला लागलंय का? सकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम आणि फॉस्फेटही बघा. ते कमी असले की श्वासाचे स्नायू लवकर दमतात.

आता आपल्या भागातली गोष्ट. खानापूर-चंदगडचा पेशंट मराठी, अथणी-गोकाककडचा कन्नड. पेशंटला त्याच्या भाषेत सांगा. एका म्हाताऱ्या बाईच्या चार्टवर दोन दिवस 'सांगितलेलं ऐकत नाही' असं लिहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी फरशी पुसणारी मावशी सहज जवळ गेली आणि म्हणाली, "अव्वा, तली एत्तरी." अव्वांनी लगेच उशीवरून डोकं वर उचललं. आम्ही दोन दिवस त्यांच्याशी मराठीत बोलत होतो.

हे डोकं उचलणं मला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं. ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट आपल्याकडे सतत येतात. ते ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर पहिला जोर ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडतात. या विषावर देतात त्या अ‍ॅट्रोपिननं ते सुधारत नाहीत, वाटच बघावी लागते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाचे आकडे उत्तम होते, तिसऱ्या दिवशी नळी काढली. त्याची मान उशीवरून उचलली जात नव्हती, हे मी बघितलं होतं, पण बोलले नाही. रात्री दोनला पुन्हा नळी घालावी लागली. तो वाचला, पण त्या रात्रीपासून मी मान बघितल्याशिवाय पुढं जात नाही. पेशंटनं डोकं वर उचलून ५ सेकंद धरायला हवं.

मण्यार चावलेल्यांचंही तसंच. पापणी उघडत नाही, बोट हलत नाही, बाहुल्यासुद्धा रुंदावून स्थिर होतात, पण आतून माणूस सगळं ऐकत असतो. त्याच्या बेडपाशी नको ते बोलू नका. काय चाललंय ते त्याला सांगत राहा.

मान टिकली की मग मशीन. प्रेशर सपोर्ट (प्रत्येक श्वासाला मशीनचा हातभार) ५ ते ८, पीप ५ ठेवून किंवा टी-पीस (मशीनऐवजी नळीला लावायचा ऑक्सिजनचा जोड) लावून पेशंटला स्वतः श्वास घेऊ द्या. हीच ट्रायल. तीस मिनिटं बहुतेकांना पुरतात, कमकुवत पेशंटला दोन तासांपर्यंत. सुरुवातीला एक भागाकार करा: मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये. २५ श्वास आणि ४०० मिलि असेल तर उत्तर ६२ च्या आसपास. यांग आणि टोबिन या संशोधकांनी १९९१ साली १०५ ही सीमा मांडली. उत्तर त्याच्या आत हवं. पण नजर मॉनिटरपेक्षा पेशंटवर ठेवा. कपाळावर घाम, गळ्याच्या शिरा ताठ, छाती वर येताना पोट आत, यातलं एकही दिसलं, किंवा श्वास ३५ च्या वर, नाडी १४० च्या वर गेली, तर "अजून पाच मिनिटं बघू" म्हणू नका. डॉक्टरांना कळवून सपोर्ट परत द्या आणि त्या दिवशी पुन्हा ट्रायल नको. दमलेल्या स्नायूंना रात्रभर विसावा लागतो.

ट्रायल पास झाली तरी खोकला बघायचा राहतो. सक्शन करताना, म्हणजे नळीतून कफ ओढून काढताना, जोरात खोकतो का? कफ तासातासाला काढावा लागत असेल तर नळी राहू द्या. नळी बरेच दिवस असेल तर नळीभोवतीच्या फुग्यातली हवा सोडून बाजूनं गळती होते का तेही बघतात. होत नसेल तर घशाला सूज असू शकते आणि डॉक्टर काही तास आधी स्टेरॉइड देतात.

नळी काढताना पेशंटला उठतं बसवा, तोंड आणि घसा सक्शननं साफ करा, पुन्हा नळी घालायचं सामान हाताशी ठेवा. पहिला तास बेड सोडू नका. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच हाक मारा. दम्याच्या आणि जुन्या बिडीवाल्या पेशंटना मास्कचं मशीन आधीच तयार ठेवा. पुढचे ४८ तास धोक्याचेच.

आणि बाहेर नातेवाईक थर्मास घेऊन बसलेले असतात, "सिस्टर, घोटभर चहा देऊ का?" आधी त्यांना थांबवा. काही तासांनी पेशंटला ताठ बसवून चमचाभर पाणी द्या. खोकला आला नाही, आवाज घोगरा-ओला झाला नाही, की मग चहा, तोही चमच्यानं.